फ्रेंच प्रेसमधला गाळ कसा गेला

फ्रेंच प्रेस म्हणजे दांड्याला जाळी लावलेलं कॉफीचं भांडं. माझ्या त्यातल्या कॉफीत कपाच्या तळाशी चिखल आणि शेवटचा घोट कडूजहर. जाळी नवी आणली, तरी फरक शून्य. कारण पावडरीत होतं. दुकानातली फिल्टर कॉफी पावडर दाक्षिणात्य फिल्टरसाठी बारीक दळलेली, शिवाय बऱ्याचदा चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) मिसळलेली असते. बारीक कण जाळीतून निसटतात आणि कॉफी लवकर कडूही करतात.

आता चिकमगळूरच्या अरेबिका जातीच्या बिया, चिकोरीशिवाय, जाड रव्यासारख्या भरड दळून आणते. २५० मिली पाण्याला १५ ग्रॅम. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबून ओतायचं. ४ मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा, फेस काढून टाकायचा. मग आणखी ४-५ मिनिटं हात लावायचा नाही. गाळ खाली बसतो तो याच वेळात. (घाईच्या सकाळी हे होत नाही, तेव्हा सरळ चहा.) दांडा तळापर्यंत दाबत नाही, जाळी जेमतेम कॉफीत बुडेल इतकाच खाली नेते, नाहीतर बसलेला गाळ पुन्हा उसळतो. सगळी कॉफी लगेच ओतून घ्यायची, भांड्यात ठेवली तर कडवटपणा वाढतच जातो. तळाची बोटभर मात्र टाकून द्या. दूध घालणार असाल तर पावडर २० ग्रॅम घ्या.