नवा रेडिएटर बसवल्यानंतर कूलंटमधली हवा काढण्याची तयारी

रेडिएटर बदलताना गाडीतले कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, उतरवावे लागते आणि त्या रिकाम्या जागेत शिरलेली हवा, वरून कूलंट ओतले म्हणून, आपोआप बाहेर पडत नाही. ती हीटर कॉइलमध्ये (गाडीच्या आत गरम हवा देणाऱ्या नळ्यांत), सिलिंडर हेडमधल्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातल्या, उंचवट्यांच्या जागी किंवा बंद थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) पाठीमागे दबा धरून बसते. वॉटर पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असतो; त्याच्या पात्यांपाशी हवा आली की पंप फिरत राहतो, पण कूलंट पुढे सरकत नाही. त्याहून फसवी गोष्ट अशी की तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. तो हवेच्या कप्प्यात उघडा पडला, तर हेड भाजत असतानाही डॅशबोर्डवरचा काटा निवांत मध्यावर उभा दिसू शकतो. म्हणून हे काम इंजिन सुरू करून ‘बघू या काय होते’ अशा पद्धतीने करण्याचे नाही. त्यातला मोठा भाग किल्ली फिरवण्याआधीच उरकलेला असावा लागतो.

नागपुरात ही काळजी अधिकच घ्यावी लागते, आणि त्याचे कारण साधे आहे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. कूलंट 95 अंशांवर असेल, तर जानेवारीतल्या 25 अंशांच्या दुपारी हा फरक 70 अंशांचा असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की तोच फरक 50 अंशांवर येतो. शिवाय एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असल्यामुळे रेडिएटरपर्यंत पोहोचणारी हवा त्याहूनही गरम असते. हिवाळ्यात खपून गेलेला हवेचा लहानसा फुगा उन्हाळ्यात वर्धा रोडवरच्या सिग्नलच्या रांगेत नेमका डोके वर काढतो, तो यामुळेच.

सर्वप्रथम वेळ ठरवावी. इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे, आणि उन्हाळ्यात त्यासाठी संध्याकाळचे दोन-तीन तास पुरत नाहीत. गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे सहाच्या सुमारास काम हाती घेणे उत्तम. प्रत्यक्ष हवा काढायला तासभर लागला, तरी त्यानंतर इंजिन पुन्हा थंड होऊ देऊन पातळी तपासायची असते. त्यामुळे त्या दिवशी गाडी कुठे न्यायची नाही, असे घरात आधीच सांगून ठेवावे.

जागा निवडताना गाडीचे नाक वर राहील असा चढ शोधावा. हवा उंचीकडे धावते. रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच राहिले की तिला बाहेरची वाट सापडते. आपले शहर बरेचसे सपाट असले तरी सेमिनरी हिल्सच्या बाजूला चढाचे रस्ते आहेत. मात्र अर्धवट भरलेल्या कूलंटवर तिथपर्यंत गाडी चालवत नेणे म्हणजे आजार वाढवून दवाखान्यात जाणे. त्यापेक्षा घराच्या फाटकापाशी असलेला उतार किंवा पुढच्या चाकांखाली ठेवण्याचे मजबूत लोखंडी रॅम्प बरे. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे चाक अडवणारे ठोकळे, लावावी, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीचे इंजिन कधीही सुरू करू नये. अपार्टमेंटच्या तळघरातला पार्किंगचा उतार मोहात पाडतो, पण बंदिस्त जागेत वीस-तीस मिनिटे इंजिन चालवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड कोंडून घेणे होय. ती जागा बादच समजावी.

आपल्या गाडीची रचना कोणती, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे. काही गाड्यांत झाकण रेडिएटरवरच असते आणि शेजारची बाटली केवळ जादा कूलंट साठवते; अशा गाडीत कूलंट रेडिएटरच्या तोंडातूनच भरायचे असते. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला झाकण नसते आणि दाबाखाली काम करणाऱ्या एक्स्पान्शन टाकीतून भरावे लागते. ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) आहे का, असल्यास तो थर्मोस्टॅटच्या घरावर आहे, वरच्या होजवर (रबरी नळीवर) आहे की हीटरच्या पाइपवर, हे उजेडात शोधून ठेवावे. तो बहुधा प्लास्टिकचा किंवा पितळेचा असतो, जोर लावला की तुटतो, म्हणून नेमक्या मापाचा पाना हाताशी असू द्यावा. ज्या गाड्यांत विजेवर चालणारा कूलंट पंप आहे आणि हवा काढण्यासाठी स्कॅनर किंवा व्हॅक्यूम यंत्र सांगितले आहे, त्यांच्या बाबतीत वर्कशॉपचा रस्ता धरण्यात कमीपणा मानू नये.

आता कूलंटचा हिशेब, जो मला या साऱ्या तयारीत सर्वांत मोलाचा वाटतो. उतरवलेले कूलंट घमेल्यातून खुणा असलेल्या कॅनमध्ये ओतून मोजून ठेवावे. गाडी आधी गळत नसेल, तर जेवढे निघाले तेवढेच परत आत गेले पाहिजे. चार लिटर निघाले आणि तीनच लिटर मावले, तर उरलेल्या लिटरच्या जागी हवा बसली आहे, हे सांगायला कोणत्याही यंत्राची गरज नाही. जुना रेडिएटर गळत होता म्हणूनच बदलला असेल, तर हा ताळा जुळणार नाही. तेव्हा पुस्तिकेतली एकूण क्षमता धरावी, जी लहान गाड्यांत साधारण 4 ते 6 लिटर असते, आणि इंजिन ब्लॉकमध्ये थोडा द्रव राहून जातो हे लक्षात ठेवावे.

या राहिलेल्या द्रवामुळे मिश्रणही बिघडते. समजा, क्षमता 5 लिटर आहे आणि साध्या पाण्याने धुतल्यावर दीड लिटर पाणी ब्लॉकमध्येच राहिले आहे. अशा वेळी तयार मिश्रण ओतले तर ते पातळ होईल. म्हणून आधी अडीच लिटर पाणी न मिसळलेले (कॉन्सन्ट्रेट) कूलंट आणि मग एक लिटर डिस्टिल्ड वॉटर घालावे, म्हणजे निम्मे-निम्मे प्रमाण साधते. बोअरवेलचे पाणी या कामाला वर्ज्य, कारण त्यातले क्षार नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर स्वस्त असते. रंग पाहून कूलंट निवडू नये. पुस्तिकेतला प्रकार बाटलीवर ताडून पाहावा, आणि हिशेबापेक्षा एक लिटर जास्त आणावे.

हत्यारांविषयी फार सांगण्यासारखे नाही: उंच आणि घट्ट बसणारे नरसाळे, जाड हातमोजे, चिंध्या, विजेरी आणि पक्कड. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर झाकणही नवे घ्यावे. झाकण दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळेच कूलंटचा उत्कलनबिंदू वर राहतो. नव्या रेडिएटरवर थकलेले झाकण लावण्यात काटकसर नाही.

किल्ली फिरवण्यापूर्वी होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या तळाचा निचऱ्याचा बूच आणि पंख्याची वायर पुन्हा एकदा पाहावीत. रेडिएटर काढताना पंख्याचा कनेक्टर सोडलेला असतो आणि तो जोडायचा राहून जाणे ही अगदी नेहमीची चूक आहे. खालचे प्लास्टिकचे आवरण मात्र इतक्यात लावू नये; गळती असेल तर ती आधी जमिनीवर दिसली पाहिजे.

हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवावी आणि ब्लोअर सर्वांत कमी वेगावर. नागपूरकर हीटरला डिसेंबर-जानेवारीखेरीज हात लावत नाहीत, त्यामुळे ज्या गाड्यांत हीटरच्या पाण्याला वेगळा व्हॉल्व्ह आहे तिथे तो अडकलेला असण्याचा संभव असतो. आदल्या दिवशी कळ चार वेळा फिरवून पाहावी. व्हॉल्व्ह नसलेल्या गाडीत कूलंट कॉइलमधून सतत फिरते, तरीही ब्लोअरची हवा ही उत्तम साक्षीदार ठरते. इंजिन तापल्यावरही ती गारच येत असेल, तर कॉइलमध्ये हवा अडकली आहे.

सोबतीला एक माणूस असावा, आणि कोणी काय करायचे ते आधीच ठरवावे. एकाने आत बसून काट्यावर नजर ठेवायची. काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकला, किंवा इंजिन चांगले तापूनही ब्लोअर गार राहिला, तर विचारायला न थांबता इंजिन बंद करायचे. दुसऱ्याने नरसाळ्यातली पातळी राखायची, हातमोजा घालून वरचा होज अधूनमधून दाबायचा, आणि बुडबुडे येणे थांबून पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत वाट पाहायची. पंख्याजवळ ओढणी किंवा सैल बाही नको, कारण काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. एकदा बसवलेले झाकण इंजिन थंड होईपर्यंत उघडायचे नाही. दाबाखालचे कूलंट उसळून चेहरा भाजते.

सांडलेले कूलंट लगेच पाण्याने धुऊन चिंधीने टिपण्याची सोय ठेवावी. त्याची चव गोडसर असते आणि त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते. गल्लीतले कुत्रे किंवा मांजर ते चाटून मूत्रपिंडे निकामी होऊन मरू शकते. जुने कूलंट नालीत न ओतता झाकणबंद कॅनमध्ये भरून, ते स्वीकारणाऱ्या वर्कशॉपकडे द्यावे.

उरलेले लिटरभर मिश्रण बाटलीत भरून डिकीत ठेवावे. पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पाहून रेडिएटरशेजारच्या बाटलीवर किंवा एक्स्पान्शन टाकीवर पेन्सिलने खूण करावी. पहिल्या सकाळी ती थोडी उतरलेली दिसेल, कारण उरलेली हवा बाहेर पडून तिची जागा कूलंट घेते. सलग दोन सकाळी खूण हलली नाही, की मग गाडी समृद्धी महामार्गावर न्यायला हरकत नाही. त्याआधी तिला रिंग रोडच्या पलीकडे नेऊ नये.