राणीबागेत पक्ष्यांचे फोटो: जाळीच्या आतले आणि बाहेरचे

भायखळ्याच्या राणीबागेत बहुतेक लोक पेंग्विन आणि वाघ बघायला जातात, पण कॅमेरा घेऊन जाणार असाल तर आधीच सांगते, तिथले चांगले पक्षी निम्मे पिंजऱ्यात नसतातच, ते झाडांवर असतात आणि तिकीट न काढता आलेले असतात. बाग १८६०च्या दशकातली, झाडं जुनी आणि डेरेदार, आणि पक्ष्यांना माणसांची इतकी सवय झालेली की बाहेर जो वंचक (तपकिरी छोटा बगळा) तुम्हाला बघून पन्नास फुटांवरून उडतो तो इथे पोरांच्या आरडाओरड्यातही आरामात बसून असतो. म्हणजे ६०० मिमीची मोठी लेन्स नसली तरी काही बिघडत नाही, साधी ७०-३०० किंवा ५५-२५० मिमीची झूम लेन्स पुरते.

बुधवारी बाग बंद असते, रविवारी गर्दी मरणाची, तेव्हा मधला एखादा वार बघा आणि गेट उघडलं की लगेच आत शिरा. तिकीटखिडकीवर कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट लागतं का तेवढं विचारून घ्या. आत गेल्यावर सगळे पेंग्विनकडे पळतात, तुम्ही पळू नका, पेंग्विन एसीत आहेत, ते दुपारीही तिथेच असणार. सकाळचं ऊन मात्र साडेदहानंतर कडक होतं आणि मग पांढरा बगळा नुसता पांढरा डाग दिसतो. म्हणून आधी झाडं आणि पाणी.

पाण्याच्या कडेची झाडं नीट न्याहाळा. रातबगळा रात्री शिकार करतो आणि दिवसभर फांदीवर मान आखडून बसतो, त्यामुळे नवशिक्यासाठी याच्याइतका सोयीचा पक्षी नाही राव, हलतच नाही. मोठ्याचा डोळा लालभडक, डोक्यामागून दोनेक लांब पांढरी पिसं लोंबतात, पिल्लू मात्र तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके, त्याला लोक हमखास वेगळा पक्षी समजतात. फोकस कायम डोळ्यावर, सिंगल पॉइंट (फोकसचा एकच ठिपका) ठेवून. आणि एकच फोटो काढून पुढे जाऊ नका, बटण दाबून धरून सलग पाच-सहा फोटोंचा बर्स्ट मारा, कारण पक्ष्यांच्या डोळ्यावर एक पातळ पडदा मधेच सरकून जातो, त्या क्षणाला फोटो निघाला तर डोळा दुधाळ दिसतो आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितल्यावरच ते कळतं. सावलीत बसलेला असेल तर शटर १/२५० सेकंद ठेवा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) १६००-३२०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या, फोटोत थोडे दाणे आले तर चालतात, हललेला फोटो चालत नाही.

पांढऱ्या बगळ्यासाठी एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं खाली घ्या नाहीतर पिसांचा पोतच जातो, काळ्या पाणकावळ्यासाठी उलटं, थोडं वर. पोपट, तांबट, दयाळ, हळद्या यांचे आवाज ऐकून आधी झाड ठरवा आणि मग उभे राहा, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार मात्र करू नका, विणीच्या दिवसांत तर अजिबातच नाही, आणि घरटं दिसलं तर तिथून पाय काढता घ्या.

आता जाळी. जाळी गायब करायचं गणित सोपं आहे: लेन्स जाळीच्या जितकी जवळ आणि पक्षी जाळीपासून जितका लांब, तितकी जाळी विरघळते. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, म्हणजे एफचा आकडा लहान) जास्तीत जास्त उघडा, झूम शेवटपर्यंत ताणा, आणि पक्षी आतल्या फांदीवर जाईपर्यंत थांबा. जाळीला चिकटूनच बसला असेल तर सोडून द्या, तो फोटो होणार नाही. लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे जाळीवर पडलेलं ऊन. चकचकीत तारेवर ऊन असलं की कितीही फोकसबाहेर गेली तरी फोटोवर धुरकट पांढरी झाक येते, तेव्हा पिंजऱ्याला फेरी मारून जाळीची सावलीतली बाजू शोधा. काळ्या रंगाची जाळी सगळ्यात उत्तम. ऑटोफोकस सारखा तारेवरच अडकत असेल तर मॅन्युअलवर जा. कठड्याच्या पलीकडे मात्र जायचं नाही, आणि खायला घालून किंवा जाळी वाजवून पक्षी जवळ बोलवायचा नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्यात प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना छेडणं आणि खायला घालणं दोन्ही गुन्हा आहे.

जिथे जाळीपर्यंत हात पोचू देतात तिथे मोबाइलवाले चक्क फायद्यात असतात, कारण मोबाइलची लेन्स बोटाच्या टोकाएवढी, ती दोन तारांच्या मधल्या भोकासमोर बरोबर बसते, मोठ्या कॅमेऱ्याला ते जमत नाही.

मुक्त पक्षी विहारात तर हा त्रासच नाही कारण तिथे आपणच जाळीच्या आत असतो. फक्त मागे वर जाळी किंवा खांब येतोय का ते बघा, गुडघ्यावर बसा, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला या, मागे झाडी येऊ द्या. दुपारच्या उकाड्यात पेलिकन चोच उघडून गळ्याची पिशवी थरथरवतो, अंग थंड करायला, तेव्हा लोक ‘जांभई देतोय’ म्हणून पुढे जातात, पण १/१००० ला तो सीन घ्यायलाच हवा.

पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, २०१६ला दक्षिण कोरियातून आणले आणि २०१७पासून लोकांना बघायला खुले झाले. इथे सगळा खेळ काचेचा. फ्लॅश बंद म्हणजे बंद, पक्षी बिचकतात आणि फोटोत फक्त प्रकाशाचा गोळा येतो. लेन्सवर बसणारं रबरी हूड काचेला टेकवा, नसेल तर तळहाताची ओंजळ करून लेन्सभोवती धरा, काचेसमोर सरळ उभे राहा, तिरकं बघितलं की सगळं फिसकटतं. गडद रंगाचा शर्ट घाला, पांढरा घातलात तर स्वतःचं पोट दिसेल फोटोत. पोरांच्या हातांचे ठसे पुसायला एक मऊ फडकं खिशात असू द्या. पाण्याखालचा पेंग्विन सुसाट असतो, १/५०० च्या खाली येऊ नका आणि निळी झाक घालवायला व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) त्याच्या पोटाच्या पांढऱ्यावर जुळवा.

बाहेर पडताना मान वर करा, दुपारी गरम हवेवर घारी गोल फिरत असतात. शटर १/१६००, उजळ आकाशामुळे एक्स्पोजर एकने वर, कंटिन्युअस फोकस (हलत्या पक्ष्यावर टिकून राहणारा), नाहीतर खालून घार नुसती काळी दिसते.

फोटो टाकताना आतला की बाहेरचा ते लिहा. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या साइटवर बंदिस्त असल्याची खूण करायची सोय आहे, पक्षीनोंदींच्या ईबर्डच्या यादीत पिंजऱ्यातले पक्षी मोजायचेच नाहीत. गोंधळ होतो तो रातबगळ्यासारख्या पक्ष्यात, जाळीच्या आत एक आणि जाळीवर बाहेरून एक. आतला बंदिस्त, छतावरचा मोकळा. आणि फटीतून आत घुसून मासा पळवणारा कावळा आत असला तरी मोकळाच, त्याला खुशाल यादीत घ्या.