तू बिश्वातच्या कुकीजवर झाड कसे रंगवावे

ज्यू पंचांगातील शेवात महिन्याच्या १५ तारखेला येणारा तू बिश्वात हा झाडांच्या नववर्षाचा सण जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत पडतो. झाडाच्या पहिल्या तीन वर्षांची फळे खाण्यास ज्यू धर्मशास्त्राची मनाई असल्याने झाडाचे वय मोजण्यासाठी ही तारीख उपयोगी पडते. महाराष्ट्रातील बेने इस्रायली या ज्यू समाजाच्या कुटुंबांत या सणाला पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा केला जातो. त्या ताटाशेजारी ठेवण्यासाठी झाडाच्या आकाराच्या कुकीज शोभून दिसतात.

साच्याची निवड विचारपूर्वक करावी. बाजारात झाडाचा साचा मागितला की बहुधा नाताळच्या सूचिपर्णी झाडाचा त्रिकोणी साचा हाती पडतो आणि त्यावर कितीही फुले काढली तरी तो नाताळचाच वाटतो. त्याऐवजी गोल घेराचे झाड निवडावे किंवा पुठ्ठ्याचा आकार कापून सुरीने कडा काढाव्यात. ज्यू आहारनियमांनुसार मांसाहारासोबत दुग्धजन्य पदार्थ चालत नाहीत, म्हणून जेवणात मांस असल्यास कुकीजमध्ये लोणी न घालता तेल वापरावे आणि आयसिंगही दुधाऐवजी पाण्यात कालवावे.

कुकीज पूर्ण गार झाल्यावर २०० ग्रॅम चाळलेल्या आयसिंग शुगरमध्ये एक चमचा लिंबाचा रस, एक चमचा लिक्विड ग्लुकोज आणि लागेल तसे थेंब-थेंब पाणी घालावे. कडेच्या रेषेसाठी आयसिंग टूथपेस्टइतके घट्ट असावे. आतील भाग भरण्यासाठी मात्र ते इतके सैल करावे, की चमच्याने ओढलेली रेघ साधारण दहा-पंधरा सेकंदांत मिटून जावी. रंग जेलचाच घ्यावा, कारण पातळ रंगाने आयसिंग पाणचट होते. खोडासाठी कोको पावडर पुरते. नाशिकच्या हिवाळ्यातील कोरड्या हवेत वाटीतल्या आयसिंगवर बघता बघता साय धरते, म्हणून वाटीवर ओले फडके सतत झाकलेले असावे.

इस्राएलमध्ये या सुमारास बदाम फुलतो, त्यामुळे बदामाची फुले काढणे सर्वांत समर्पक. हिरवा घेर भरून तो पूर्ण वाळू द्यावा, त्यावर फिकट गुलाबी आयसिंगचे पाच थेंब वर्तुळात टाकावेत आणि ते ओले असतानाच टूथपिकचे टोक प्रत्येक थेंबातून मध्याकडे ओढावे. पाकळी आपोआप निमुळती होते. मध्यभागी गडद गुलाबी ठिपका द्यावा. खोडाची साल दाखवायची असल्यास तपकिरी थर ओला असतानाच त्यात गडद रेघा ओढाव्यात.

फळे दाखवायची असतील तर तोरा या ज्यू धर्मग्रंथात सांगितलेल्या गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि खजूर या सात पिकांतून निवड करावी. यांतील द्राक्ष आणि डाळिंब तर आपल्याच नाशिक जिल्ह्यातले: निफाड-दिंडोरीचे मनुके बारीक चिरून थेट चिकटवता येतात, परंतु सटाणा-मालेगावचे ताजे डाळिंबाचे दाणे रस सोडून आयसिंग विरघळवतात, म्हणून ते लाल ठिपक्यांनीच काढलेले बरे.

सण आदल्या दिवशी सूर्यास्ताला सुरू होत असल्याने सजावट त्याच्याही आदल्या रात्री संपवावी आणि कुकीज एका थरात रात्रभर उघड्या वाळवाव्यात. त्यानंतर बटर पेपर घालून हवाबंद डब्यात भराव्यात. फ्रिजमध्ये ठेवल्यास दमटपणाने रंग एकमेकांत उतरतात.