पोरगं ऐकेना, आणि आपलंबी डोकं ठिकाणावर नाही? असं करून बघा

माझं पोरगं सात वर्षांचं, चिडलं की हातात येईल ते फेकतं. एकदा भाकरी तव्यावर असताना तांब्याच भिरकावला, मी उलथनं घेऊन मागं धावले, भाकरीचा कोळसा, आणि मग दोघंबी रडत बसलो. सासूबाई म्हणाल्या, "तूच लाडावून ठेवलंयस." असो.

आधी आठ दिवस वहीत लिहा. भांडण किती वाजता झालं, त्याच्या आधी काय झालेलं, त्यानं काय केलं, आपण काय केलं. माझ्या वहीत जवळपास सगळं संध्याकाळी सात ते साडेआठच निघालं, त्याला भूक, मला स्वयंपाकाची घाई, अन मोबाईल काढून घ्यायची वेळ पण तीच! सहालाच शेंगापोळी द्यायला लागले, बरीच भांडणं तिथंच मिटली.

रोज दहा मिनिटं तो म्हणेल ते खेळा, मधे शिकवू नका. चांगलं वागला की नेमकं सांगा, "चप्पल जागेवर ठेवलास, भारी बे!" नुसतं शहाणं बाळ म्हणून त्याला काय कळणार.

किरकिरीकडं लक्ष द्यायचं नाही, पण सुरुवातीला ती वाढते बरं का, कारण आधी ओरडलं की मिळायचं, आता मिळेना म्हणून जोर लावतंय. चौथ्या दिवशी वैतागून मोबाईल दिलात तर ते एवढंच शिकतं, की अजून जोरात ओरडायचं. आजोबांनाबी हे आधीच सांगून ठेवा. मारलं, फेकलं तर मात्र दुर्लक्ष नाही, एका जागी शांत बसवा, वर्षाला एक मिनिट, म्हणजे सातचं पोर सात मिनिटं, तेवढ्यात भाषण नको.

शाळेत आणि घरात दोन्हीकडं सहा महिने असंच चाललं असेल तर डॉक्टरला दाखवा, नेटवर वाचून स्वतःच एडीएचडी (लक्ष टिकत नाही, अति चळवळ, असा आजार) ठरवू नका.

आता आपलं. दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागेना, उगंच रडू येतंय, तर तो आळस नाही, डिप्रेशन असू शकतं. २००६ मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात आईचं डिप्रेशन उतरलं तशी मुलांची लक्षणंबी कमी झालेली दिसली, म्हणून पोराच्या आधी आपला केसपेपर काढायला लाजू नका. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. जाणं जमत नसेल तर टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, तिचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर आत्ताच लावा, सकाळची वाट बघू नका.

मी रविवारी पोरगं बापाकडं देऊन सोलापूरच्या कंबर तलावाला चक्कर मारते, फोन घरीच ठेवून. पहिल्या रविवारी आले तर घरभर चुरमुरे सांडलेले, दोघं टीव्ही बघालेत. काही बोलले नाही, झाडू त्याच्या बापाच्या हातात दिला.