लोकलेखा समितीच्या दाराबाहेरून

विधानभवनात समितीची बैठक सुरू झाली की दार बंद होतं. आत समितीप्रमुख, सदस्य, समितीचे अधिकारी, महालेखापालांच्या कार्यालयातले लोक, प्रतिवेदक आणि साक्षीला बोलावलेले विभागाचे सचिव. आमदारांचे सहायक बाहेर थांबतात. लोकलेखा समितीच्या एका सदस्यांसाठी मी सहा वर्षं अभ्यासाचं काम केलं आणि त्या दाराच्या आत एकदाही गेले नाही. तरी या कामाइतकं मनापासून मी दुसरं काही केलेलं नाही. ज्यांना या वाटेला यायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी लातूरची. राज्यशास्त्रात एमए करत असताना राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात असतो, त्याला गेले होते. गॅलरीतून सभागृह पाहिलं, घोषणा ऐकल्या, सभात्याग पाहिला. समित्यांवरचं एक व्याख्यान जेवणानंतर होतं आणि अर्धा वर्ग पेंगत होता. पण तिथे ऐकलेलं एक वाक्य डोक्यात राहिलं: सभागृहात मंत्री उत्तर देतात, समितीपुढे सचिवांना उत्तर द्यावं लागतं, आणि तेही समोर कागद ठेवून. पुढे आमच्या भागातल्या एका आमदार ताई समितीवर नेमल्या गेल्या. त्यांना अहवाल वाचून देणारं माणूस हवं होतं. पगार त्या स्वतःच्या खिशातून देणार होत्या, म्हणजे फार नव्हता. मी हो म्हटलं. राज्यात असं काम बहुतेक ओळखीतूनच मिळतं. दिल्लीत खासदारांबरोबर करायची लॅम्प फेलोशिप आहे, तिची निवडप्रक्रिया उघड आणि नीट आहे. जमत असेल तर तिथूनही सुरुवात करा.

आधी समिती म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण पहिल्या महिन्यात सगळे इथेच चुकतात. ती न्यायालय नाही, पोलीस नाही. तिला कुणाला शिक्षा करता येत नाही. ती साक्षीदार बोलावते, कागद मागवते, तपासते आणि सभागृहाला शिफारस करते. ती शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. धोरण चूक की बरोबर हा तिचा प्रश्न नसतो. विधानमंडळाने ज्या कामासाठी पैसा मंजूर केला त्याच कामावर तो खर्च झाला का, नियमाने झाला का, आणि त्यातून लोकांना काही मिळालं का, एवढंच ती विचारते. वाचताना हे फार तोकडं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण एखाद्या सचिवाला तीन तास केवळ अंमलबजावणीवर बोलायला लावलं तर धोरणाचं काय झालं तेही आपोआप बाहेर येतं.

थोडा इतिहासही माहीत हवा. केंद्रात ही समिती 1921 पासून आहे, पण 1950 पर्यंत तिच्या अध्यक्षपदी सरकारचेच वित्त सदस्य बसत. ज्याने खर्च करायचा त्यानेच तपासायचा, असा तो प्रकार. राज्यघटना आल्यावर ती खरी संसदेची झाली, मंत्र्याला तिच्यावर बसता येईनासं झालं, आणि 1967 मध्ये विरोधी बाकावरचे मिनू मसानी अध्यक्ष झाले. एकेकाळचे मुंबईचे महापौर. तेव्हापासून हे पद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा पडला.

कामाचा कच्चा माल म्हणजे कॅगचा, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल. राज्याच्या हिशेबावरचा अहवाल घटनेच्या कलम 151 नुसार राज्यपालांकडे जातो आणि तिथून विधानमंडळापुढे ठेवला जातो. पटलावर आला की तो सगळ्यांसाठी खुला असतो, संकेतस्थळावरही मिळतो. नवख्या माणसाने एक जुना अहवाल घेऊन त्यातला एकच पॅरा आठवडाभर वाचावा, असं मी नेहमी सांगते. एकच. त्यातल्या प्रत्येक शब्दाचा माग काढा. प्रशासकीय मान्यता कुणी देतं, तांत्रिक मान्यता कुणी देतं, कार्यादेश कधी निघतो, मोजमाप पुस्तिकेत कोण नोंद करतं, उपयोगिता प्रमाणपत्र कुणाच्या सहीने जातं. शासन व्यवहार कोश आणि पदनाम कोश जवळ ठेवा. लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कुठल्या खात्यात नोंदला ते सांगणारा क्रमांक, वाचायला शिका. हे शब्द कळेपर्यंत अहवाल नुसता रुक्ष वाटतो. कळले की त्यातली माणसं दिसायला लागतात.

माझं शिकणं एका सात ओळींच्या पॅराने झालं. गाव आणि तालुका सांगत नाही. नळपाणी योजना होती. टाकी बांधून झाली, जलवाहिनी टाकून झाली, ठेकेदाराला बिल मिळालं, आणि पंपाला वीजजोडणी नाही म्हणून योजना बंद. सात ओळी, शेवटी खर्चाचा आकडा आणि ‘खर्च निष्फळ ठरला’ हे ठरलेलं वाक्य. विभागाने समितीला पाठवलेल्या स्पष्टीकरणात्मक ज्ञापनात उत्तर होतं: वीजजोडणीसाठी पाठपुरावा सुरू असून काम प्रगतिपथावर आहे.

मी ताईंसाठी चार पानांची टिपणी लिहिली. पाणी हा मूलभूत हक्क कसा आहे, ग्रामीण महिलांचे किती हाल होतात, वगैरे. ताईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, “हे मला सभेत बोलायला चालेल. सचिवांना विचारायचं काय, ते यात कुठंय?”

शिवाय त्या टिपणीत मी लाखांचे आकडे कोटी म्हणून लिहिले होते. तक्त्याच्या डोक्यावर एकक बारीक अक्षरात दिलेलं असतं, ते मी पाहिलंच नव्हतं. ताईंच्या नजरेतून ते सुटलं असतं तर समितीपुढे त्यांचा पुढचा एकही प्रश्न कुणी गांभीर्याने घेतला नसता. त्या दिवसापासून कुठलाही आकडा लिहिण्याआधी मी तक्त्याचं डोकं वाचते आणि आकड्याशेजारी अहवालाचा पानक्रमांक लिहिते.

मग मी तारखांचा तक्ता केला. एका बाजूला तारीख, मध्ये काय घडलं, पुढे कुणाच्या सहीने, शेवटी कुठल्या कागदावरून. मान्यतेची तारीख, कार्यादेशाची, टाकी पूर्ण झाल्याची, शेवटच्या बिलाची. ज्ञापनाला जोडपत्रं असतात. ती सहसा कुणी वाचत नाही, कारण झेरॉक्सची झेरॉक्स असते आणि शिक्के पुसट असतात. मी भिंग घेऊन बसले. वीज कंपनीला जोडणीसाठी लिहिलेलं पहिलं पत्र सापडलं. टाकी पूर्ण होऊन दोन वर्षं होऊन गेली होती आणि लेखापरीक्षणाचं पथक येऊन गेल्यानंतर नवव्या दिवशी ते पत्र निघालं होतं. पाठपुरावा सुरू होता हे खोटं नव्हतं. तो कधी सुरू झाला, एवढंच उत्तरात लिहिलेलं नव्हतं.

माझ्या टिपणीत मग एकच प्रश्न राहिला: वीजजोडणीसाठी पहिलं पत्र कोणत्या तारखेला आणि कुणाच्या सहीने पाठवलं?

यापेक्षा मोठं काही मी तुम्हाला शिकवू शकणार नाही. ‘भ्रष्टाचार झाला आहे का?’ याला कुठलाही सचिव तासभर उत्तर देऊ शकतो. ‘पत्राची तारीख काय?’ याला एकच उत्तर असतं, आणि ते दिलं की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. सरकारी गैरकारभार क्वचितच एका मोठ्या खोट्यात सापडतो. दोन खऱ्या कागदांच्या मधल्या अंतरात तो असतो, आणि ते अंतर फक्त तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर दिसतं.

बैठकीआधी मी गावातही जाऊन आले. समिती दौरे करते, पण प्रत्येक पॅरासाठी नाही. तुम्ही जाऊ शकत असाल तर एसटीने जा, कुणाला न सांगता जा. टाकीवर योजनेचं नाव निळ्या रंगात लिहिलेलं होतं. खाली सावलीला शेरडं बांधलेली. एक आजोबा म्हणाले, “टाकी झ्याक हाय बाई, पर आमी तिच्यात पाणी कवाच बघितलं न्हाई.” हँडपंपापाशी हंड्यांची रांग होती. मी फोटो काढले, तारखेसह. टिपणीत त्यातलं काही गेलं नाही, समितीपुढे कागदच चालतो. पण त्या रांगेने मला पुढची पाच वर्षं कंटाळू दिलं नाही.

साक्षीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. आत काय झालं हे ताईंनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हा मुद्दा नीट ऐका. अहवाल सभागृहापुढे ठेवला जाईपर्यंत साक्ष गोपनीय असते. ती फोडणं हा विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातही विधानमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती वगळलेली आहे. समितीचे कागद सदस्यांच्या नावाने येतात, ते तुमचे नाहीत. मोबाइलवर त्यांचे फोटो काढू नका, ओळखीच्या पत्रकाराला ‘फक्त पार्श्वभूमी म्हणून’ काही सांगू नका. पत्रकार चांगला असला, हेतू चांगला असला, तरीही नाही. एक गळती झाली की विभाग पुढच्या वेळी कागद देताना दहा सबबी सांगतो, आणि कागद बंद झाला की समितीच्या हातात काही उरत नाही.

दबाव येतो का, हे सगळे विचारतात. येतो, पण गोड बोलून येतो. एका ठेकेदाराच्या माणसाने मला फोन करून चहाला बोलावलं होतं. त्याला माझा नंबर, माझं गाव, भावाची नोकरी सगळं माहीत होतं. मी त्याच संध्याकाळी ताईंना सांगितलं आणि वहीत तारीख, वेळ लिहून ठेवली. असं काही झालं तर एक रात्रसुद्धा मनात ठेवू नका. लपवलेला चहा पुढे तुमच्यावरच उलटतो.

अहवाल पटलावर आला तेव्हा साक्षीचा भाग मी छापील वाचला. प्रश्न तिथे होता. विभागाने तारीख सांगितली होती. समितीने दोन शिफारशी केल्या होत्या: योजना ठरलेल्या मुदतीत सुरू करावी आणि विलंबाची जबाबदारी निश्चित करून कारवाई करावी. ते पान मी तीनदा वाचलं.

इथे बहुतेकांचं काम संपतं. माझ्या मते इथे ते सुरू होतं. शिफारशीवर सरकार काय करतं, याचा कार्यवाही अहवाल येतो, आणि तो वाचायला कुणाला वेळ नसतो. लोकसभेच्या लोकलेखा समितीचे कार्यवाही अहवाल पाहा, त्यांची पाच प्रकरणं ठरलेली आहेत. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात सरकारचं उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात समितीला उत्तर पटलेलं नाही अशा, पाचव्यात अंतरिम उत्तरं आलेल्या. नवख्या माणसाने चौथं प्रकरण आधी उघडावं. सरकार आणि समिती यांच्यात खरी झटापट कुठे आहे ते तिथे कळतं. मग पाचवं उघडा, कारण शिफारशी मरतात त्या तिथे. ‘अंतरिम’ म्हणून ठेवलेल्या गोष्टी वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात आणि मधल्या काळात समितीचे सदस्य बदललेले असतात.

हे फक्त छोट्या पॅरांचं नाही. 1992 च्या रोखे घोटाळ्यावर राम निवास मिर्धांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. मुंबईच्या बँकांमधून बँक रिसीटच्या, म्हणजे रोख्यांच्या जागी बँकेने दिलेल्या पावतीच्या आधारे पैसा कसा फिरवला गेला, ते तिने तपासलं. अहवाल 1993 च्या डिसेंबरमध्ये आला. पण त्यावर सरकारने केलेल्या कार्यवाहीच्या अहवालावरून 1994 मध्ये इतकं रण माजलं की विरोधकांनी संसदेवर बहिष्कार टाकला. समितीत राजकारण कसं शिरतं हे बघायचं असेल तर 2011 सालचं टू-जी स्पेक्ट्रम वाटपाचं प्रकरण वाचा. लोकलेखा समितीचे तेव्हाचे अध्यक्ष मुरली मनोहर जोशींनी तयार केलेला अहवालाचा मसुदा 21 पैकी 11 सदस्यांनी फेटाळला आणि पुढे लोकसभा अध्यक्षांनी तो परत पाठवला. मला त्या प्रसंगाचं आजही वाईट वाटतं. महिनोन्‌महिने साक्षी घेतलेल्या, आणि सगळं पक्षाच्या रेषेवर दुभंगलं. आमच्या समितीत ताईंचा पक्ष सत्तेत असतानाही त्यांनी तारखांचे प्रश्न सोडले नाहीत, यासाठी मला त्यांचा फार आदर आहे.

मी ती नोकरी सोडून आता मुलांना शिकवते, पण त्या नळपाणी योजनेची वही बंद केलेली नाही. अहवालानंतर दीड वर्षाने वीजजोडणी मिळाली. मी ग्रामसेवकांना फोन केला होता, आठवड्यातून दोनदा पाणी सुटतं म्हणाले. पहिल्या शिफारशीवर कार्यवाही पूर्ण झाल्याची नोंद झाली. दुसरीवर, जबाबदारी निश्चित करण्याच्या शिफारशीवर, विभागाने कळवलं की संबंधित अधिकारी सेवानिवृत्त झाले असून चौकशी सुरू आहे. ताईंनी पुन्हा पत्र लिहिलं. उत्तर आलं, चौकशी सुरू आहे. त्या उत्तराची तारीख मी तक्त्यात लिहिली आहे, खालच्या ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत.