ट्युलिपच्या कंदांना हीट ट्रीटमेंट : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामात नवीन आलेला प्रत्येक जण आधी हेच विचारतो की टेंपरेचर किती ठेवायचं. साधारण 33 ते 34 अंश, आठवडाभर. पण एवढ्यावर चेंबर (कंद तापवायची बंद खोली) चालू करू नका, कारण हीच उष्णता कधी दिली यावर परिणाम अगदी उलटा होतो. कंद जमिनीतून काढल्याकाढल्या दिली तर आतलं फूल लवकर तयार होतं, लवकर फुलं हवी असणारे तेच करतात आणि नंतर कंद 17 ते 20 अंशांवर आणतात. आणि आत फूल पूर्ण तयार झाल्यावर दिली तर ते फूल आतच मरतं, आपल्याला कंद वाढवायचे असतात तेव्हा हेच हवं असतं.

फूल मुद्दाम मारायचं हे सुरुवातीला पटत नाही, पण कंद कसा वाढतो ते बघितलं की पटतं. ट्युलिपचा लावलेला कंद एका हंगामात संपून जातो आणि त्याच्या पोटात पिल्लं, म्हणजे छोटे नवे कंद, पोसली जातात, त्यात मधलं एक मोठं होतं आणि बाकीची मागे राहतात. फूलच नसेल तर मधल्याचा जोर कमी होतो आणि बाकीच्या पिल्लांनाही नीट वाटा मिळतो. नेदरलँड्समध्ये शेतात उमललेल्या फुलांच्या मुंड्या छाटतात तेही कंद पोसावेत म्हणूनच, फक्त तिथे छाटण्याआधी फूल बघायला मिळतं, पाकळ्यांवर व्हायरसचे पट्टे दिसले किंवा दुसऱ्या जातीचं झाड मिसळलेलं दिसलं तर ते उपटून टाकता येतं. हीट दिलेल्या लॉटमध्ये ही सोय जाते. म्हणून आधीच्या हंगामात फुलावर तपासलेल्या लॉटलाच ही ट्रीटमेंट द्यावी असं माझं ठाम मत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कंद कापून बघायला शिका. हीट कधी द्यायची ते कॅलेंडर बघून ठरवू नका, कारण जात आणि त्या वर्षीचं हवामान यांनी तारखा पुढेमागे होतात. लॉटमधून थोडे कंद घ्यायचे, उभे कापायचे, खवले काढत मधल्या कोंबापर्यंत जायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. आधी नुसता गोल उंचवटा असतो, मग पाकळ्यांची दोन वलयं, मग पुंकेसरांची दोन, आणि शेवटी मधोमध तीन कोपऱ्यांचा स्त्रीकेसर दिसतो, त्याला स्टेज जी म्हणतात, म्हणजे आतलं फूल पूर्ण तयार झालं. पहिले काही कंद हमखास चिरडतात, हात बसायला वेळ लागतो, पण ज्याला स्टेज ओळखता येते त्याला या कामात मागणी असते कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

चेंबरमध्ये भरण्याआधी निवड कडक करा. फ्युजेरियम ही बुरशी लागलेल्या कंदाला आंबूस वास येतो, हाताला हलका लागतो, आणि असे कंद इथिलीन हा वायू सोडतात. फुलासाठी ठेवलेल्या कंदात इथिलीनने कळी जळते म्हणून सगळे घाबरतात, पण आपल्याला फूल नकोच आहे तर चालेल असं समजू नका, कंदातून डिंक सुटतो, कंद फुटून बारीक पिल्लांचा चुरा होतो. हवेत 0.1 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 0.1 भाग) ही साधारण वरची मर्यादा धरतात आणि एवढं कमी इथिलीन नाकाला कळत नाही, म्हणून व्हेंटिलेशन बंद ठेवून उष्णता वाचवायचा मोह अजिबात नको.

थर्मामीटर भिंतीवर नको, क्रेटच्या मधोमध कंदांत खुपसा, कारण कंद श्वास घेतात आणि स्वतःची उष्णता सोडतात, त्यामुळे बाहेर 33 दिसत असताना आत जास्त असू शकतं. आणि प्रत्येक जातीचा एक क्रेट ट्रीटमेंट न देता लेबल लावून बाजूला ठेवा, काढणीला दोन्हीची पिल्लं साइजप्रमाणे वेगळी करून मोजा, मगच त्या जातीला पुढच्या वर्षी हीट द्यायची का ते ठरवा.