उसाच्या ट्रॉलीला धडकून अपघात झाला तर क्लेम कसा करायचा

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडं कोल्हापूर भागात रात्री गाडीवरनं जायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच. पंक्चर झालेली डबल ट्रॉली निम्म्या रस्त्यात उभी, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, लई तर चाकाला दोन दगड लावलेले. माझा मेव्हणा राधानगरी रोडला असाच धडकला, गुडघ्याचा चुरा झाला. केस वकील चालवतायत पण कागदांची पळापळ सगळी माझ्याकडं, त्यातनं जे कळलं ते लिहितोय.

सगळ्यात आधी ट्रॉलीचा नंबर. ट्रॅक्टरचा नंबर सगळे घेतात, ट्रॉलीकडं कोण बघतच नाही. पण ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं, मालक वेगळा असू शकतो, इन्शुरन्स वेगळा असू शकतो किंवा नसूही शकतो. आणि सकाळ व्हायच्या आत ऊस कारखान्यावर, ट्रॉली पुढच्या खेपेला. म्हणून जो कोण पहिला पोचेल त्यानं मोबाईल काढून फोटो घ्यायचे, नंबरचा, मागच्या बाजूचा, चाकाच्या दगडांचा, ट्रॉली डांबरावर किती आत होती त्याचा. आम्ही हे केलं नाही, आठ दिवस नंबर शोधत फिरलो. नंबर हुकलाच तर जवळच्या कारखान्याच्या वजनकाट्यावर त्या रात्रीच्या खेपांची नोंद असते, ती मागवा म्हणून पोलिसांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही.

दुसरा घोळ पंचनाम्याचा. मागनं धडकलेल्याचीच चूक असं धरून चालायची पद्धत आहे, कधी कधी गुन्हापण जखमी माणसावरच नोंद होतो. आमच्याकडंही "मोटरसायकलस्वाराने भरधाव" वगैरे लिहून झालं होतं. पंचनाम्यात रिफ्लेक्टर नव्हता, दिव्याचा खांब नव्हता हे आलं नसेल तर लगेच लेखी जबाब देऊन ते रेकॉर्डवर आणा, दोन वर्षांनी उलटतपासात आठवून सांगितलं तर इन्शुरन्स कंपनीचा वकील फाडून खातो. आणि आपल्यावर गुन्हा असेल तर हजार-दोन हजार दंड भरून कबूल करून मोकळं व्हायचं नाही, वकिलाला विचारल्याशिवाय तर अजिबात नाही, तोच कबुलीजबाब पुढं क्लेममध्ये तुमच्यासमोर येऊन बसतो.

दवाखान्यात सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) न्या नाहीतर प्रायव्हेटला, एमएलसी (अपघाताची केस म्हणून दवाखान्यानं करायची पोलिसी नोंद) झाली का एवढं विचारा. 2025 पासून अपघातग्रस्तांना पहिले 7 दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे, तीपण विचारून बघा. मेडिकलची बिलं ओरिजनल ठेवा, मेडिक्लेमला दिली असतील तर आधी झेरॉक्स काढून त्यावर शिक्का घ्या.

वॉर्डात एखादा गोड बोलणारा येईल, "क्लेम करून देतो, पैसे आले की टक्के द्या". निकालाच्या रकमेवर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. कोऱ्या कागदावर आणि वकालतनाम्यावर झोपलेल्या माणसाच्या सह्या घेऊन गेलेले लोक आहेत, एवढं सांगतो.

अर्ज मोटार अपघात न्यायाधिकरणात करायचा, आपल्याला कसबा बावड्याचं कोर्ट. अपघात कर्नाटकात झाला असला तरी तुम्ही इथं राहत असाल तर इथं करता येतो. मुदत अपघाताच्या दिवसापासून 6 महिने, हा नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. या मुदतीवर सुप्रीम कोर्टात वाद गेलाय, पण त्या भरवशावर राहू नका. ट्रॅक्टरचा मालक, ड्रायव्हर, ट्रॉलीचा मालक आणि जेवढ्या इन्शुरन्स कंपन्या असतील त्या सगळ्यांना पार्टी करायचं, म्हणजे अर्जात समोरची बाजू म्हणून नाव घालायचं. कारण कंपनी हमखास म्हणते की पॉलिसी शेतीकामाची होती आणि हा भाड्यानं ऊस ओढत होता, किंवा ट्रॉलीचा विमाच नाही, आम्ही देणं लागत नाही. अशात कोर्ट कधी कधी कंपनीला आधी भरायला लावतं आणि मालकाकडनं वसूल करायची मुभा देतं, पण ते प्रत्येक केसला होतंच असं नाही.

आता पैसे कसे धरतात. मेव्हण्याचं उद्यमनगरात छोटं लेथचं वर्कशॉप, वय 34, कमाई महिना 20 हजार धरा. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरतात, म्हणजे 28 हजार. वर्षाचे 3 लाख 36 हजार. सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा केसमधल्या (2009) तक्त्यानं 31 ते 35 वयाला गुणक 16, म्हणजे वर्षाच्या कमाईला 16 नं गुणायचं. झाले 53 लाख 76 हजार, आणि अपंगत्वामुळं कमाईचं नुकसान 30 टक्के मानलं तर 16 लाख 12 हजार 800. दवाखान्याचा खर्च, त्रासाचे पैसे आणि व्याज वेगळं.

खरी मारामारी त्या 30 टक्क्यांवर असते. सर्टिफिकेटवर पायाचं अपंगत्व 20 टक्के लिहिलंय, पण लेथवर दिवसभर उभं राहायला लागतं, मग कमाईचं नुकसान 20 च कसं? 2011 च्या राजकुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय की हात गेला तर ड्रायव्हरचं आणि ऑफिसातल्या क्लार्कचं नुकसान सारखं नसतं. म्हणून सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला आणायची तयारी ठेवा, आणि कमाईचे पुरावे, रिटर्न, जीएसटी, जॉबवर्कची चलनं, दूध संस्थेचं पासबुक, जे असेल ते आधीच गोळा करा. आमच्याकडं रिटर्न दोनच वर्षांचा निघाला, बाकी वही.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर प्रांत किंवा तहसील ऑफिसला हिट अँड रनचा अर्ज करायचा, मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार.

मध्येच लोकअदालतीची नोटीस येईल. तिथं मिटवायला हरकत नाही, पैसे लवकर मिळतात, पण एकदा सही केली की अपील नाही, म्हणून वरचं गणित स्वतः कागदावर मांडून खिशात ठेवून जा. आम्हाला पहिली ऑफर 4 लाखांची होती. मेव्हण्यानं तो कागद काढून टेबलावर ठेवला आणि आता पुढची तारीख पडलीय.